गुडघ्याची पारख

"फोटोत तर हाड साबूत हाय," रामहरी म्हणाला. एक्स-रे त्यानं खिडकीच्या उजेडात धरला होता. "मोडलं न्हाय म्हणून तुमीच सांगितलं की."

"हाड मोडलेलं नाहीच," डॉक्टर सबिहा म्हणाल्या. "मांडीचं आणि नळीचं हाड बांधून ठेवणारा आतला पट्टा तुटलाय. लिगामेंट म्हणतात त्याला. तो या फोटोत दिसत नाही."

"म्हंजे दिसत न्हाय त्याचं ऑपरेशन."

टेबलावर अपेक्षा पडून होती. त्याची एकुलती एक पोर, एकोणीस वर्षांची. उजवा गुडघा सुजलेला. पोलीस भरतीचं मैदान आठ दिवसांवर आलं होतं. सरावात पळताना वळले, पाय तिथंच राहिला आणि आत कट्कन वाजलं, असं तिचं म्हणणं. रामहरीनं ते तीनदा ऐकलं होतं. तिन्ही वेळा शब्द तेच, पाठ केल्यासारखे.

त्याची हयात वैरागच्या बाजारात बैल पारखण्यात गेली होती. लंगडा बैल व्यापारी कसा धडधाकट करून उभा करतो, ते त्याला ठाऊक होतं. इथं पोरगी धडधाकट पाय लंगडा करून दाखवत होती. सोलापूरच्या स्टँडवर उतरताना पोरगी लंगडत होती. मग पाण्याची बाटली आणायला गेली ती सरळ चालत गेली. रामहरीनं ते मागं उभं राहून बघून ठेवलं होतं.

"जनावर खोटं लंगडत न्हाय, मॅडम. माणूस लंगडतं."

"सरळ चालता येतं हो. वळताना गुडघा निसटतो. आता पळवलंत तर आतली गादी फाटेल, मग साधं चालणंही अवघड होईल. या, इकडं या."

डॉक्टरांनी आधी डावा पाय घेतला. गुडघा थोडा वाकवला, एका हातानं मांडी धरली, दुसऱ्या हातानं गुडघ्याखालची नळी वर ओढली. ती जागच्या जागी अडली. मग उजवा घेतला. ओढल्याबरोबर नळी पुढं सरकली. अडलीच नाही.

"बघितलंत?"

"तुमी जोरात वडलं."

"मग तुम्ही ओढा."

रामहरीनं पँटला हात पुसले. पोर मोठी झाल्यापासून त्यानं तिच्या पायाला हात लावला नव्हता. डॉक्टरांनी दाखवलं तसं त्यानं धरलं आणि ओढलं. पाय हलला नाही. पुन्हा ओढलं. खुंटा रोवल्यासारखा पाय.

"घट्ट हाय की," तो म्हणाला. त्याला बरं वाटलं. "लई घट्ट हाय."

डॉक्टरांनी त्याची बोटं धरून तिच्या मांडीच्या मागं नेली. तिथं स्नायू दोरासारखा ताणलेला होता.

"गुडघा घट्ट नाही. ती धरून आहे. हा स्नायू आवळला की आतलं तुटलेलं कळत नाही. माझ्या हातात तिनं सैल सोडला होता."

"सोड की सैल," रामहरी पोरीला म्हणाला.

"सोडलाय." ती छताकडं बघत होती.

"नाटक करू नगं."

"आईच्या पोटात दुखायचं, तवा पण नाटकच म्हणला हुता की तुमी, तात्या."

तिनं आवाज चढवला नाही. नर्सनं दार लोटून पुढचा पेशंट पाठवू का म्हणून विचारलं. डॉक्टरांनी हातानंच थांब म्हणून सांगितलं. त्याची बायको मुक्ताबाई जाऊन पाच महिने झाले होते. रामहरीनं हात काढून घेतले.

"काढू नका," डॉक्टर म्हणाल्या. "धरा. ओढू नका, नुसतं धरून बसा. बळजबरीनं सैल होत नाही ते."

त्यानं पुन्हा धरलं. पाय तसाच ताठ होता. पोरीच्या तोंडाकडं बघवेना म्हणून तो पावलाकडं बघत राहिला. अंगठ्याचं नख काळंठिक्कर पडलं होतं. शेजारच्या बोटाचंही. टाचेला जुन्या फोडांचे घट्टे. इतकं पळाल्याशिवाय पाय असा होत नाही.

"कवापास्नं झालंय हे नख?"

"दिवाळीपास्नं."

"बोलली न्हाईस कदी."

डोळ्यांतलं पाणी तिच्या कानाकडं ओघळलं, ते तिनं पुसलं नाही.

रामहरी धरून बसला. किती वेळ गेला ते त्याला कळलं नाही. मग हळूहळू, आधी थोडं, मग सगळंच, तिच्या पायाचं वजन त्याच्या तळहातावर आलं.

"आता ओढा," डॉक्टर म्हणाल्या.

रामहरीनं ओढलं नाही.