आत्याचा मान

कार्डिफमधल्या भावाच्या घरात आत्या पाळण्याभोवती सारखी घिरट्या घालत होती. भाचीचं नाव ठेवायचा मान तिचा, आणि भावानं तिला न विचारता ठरवूनही टाकलं होतं: डिलिस! वेल्श भावजयीच्या वारलेल्या आईचं नाव.

‘ठेवा खुशाल,’ ती मनात धुमसली. ‘कानात तर मीच सांगणार ना?’ साताऱ्याहून निघतानाच तिनं ‘मंजिरी’ पक्कं केलं होतं. कुर्र करून कानात काय सांगितलं, कोणाला कळतंय!

कुर्र करताना आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे असतात. ते काम भावजयीनं हौसेनं आपल्या म्हाताऱ्या वडिलांना दिलं.

“डिलिस म्हणजे काय हो?” आत्यानं मोडक्या इंग्रजीत त्यांना विचारलं.

“आमच्या वेल्शमध्ये, अस्सल. खरी,” ते म्हणाले. “होतीही तशीच. ती गेल्यापासून घरात कोणी हे नाव उच्चारलं नाही.”

आत्या वाकली. मंजिरी ओठांवर आलीच होती. तेवढ्यात पाठीवर हात पडला. धपाटा कसला, बंद दारावर भीत भीत मारलेली थाप.

“कुर्र... डिलिस,” आत्या म्हणाली, बाळाच्या कानाशी, पण पाठीमागच्या म्हाताऱ्यांनाही ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.