चार दिवसांचं ऊन

आठवडा उलटला तरी दोरीवरचे बोंबील वाळले नव्हते. चांगुणाआत्याने त्यातला एक काढून भाचीच्या हातात दिला. तो ओलसर होता आणि त्याला घाण वास सुटला होता.

तिची भाची शलाका जागतिक सूर्यमंडळाची सदस्य होती. उन्हाने माणसं पटापट मरायला लागली, तेव्हा जगातल्या सगळ्या सरकारांनी सूर्याचा कारभार या मंडळातल्या सात शास्त्रज्ञांवर सोपवला होता. त्यांनी आभाळात धुळीचा पातळ पडदा पसरला. माणसं वाचली. गेल्या वर्षी त्यांनी तो पडदा आणखी दाट केला. त्यांच्या निर्णयाविरुद्ध दाद मागायला जागा नव्हती.

"तुझ्या साहेबांना सांग," आत्या म्हणाली, "चार दिवस ऊन सोडा म्हणावं. सगळा कोळीवाडा मासळी सुकवून घेईल."

"तसं नाही करता येत, आत्या."

"तू बोललीस तरी का त्यांच्याशी?"

शलाकाने मान खाली घातली. पडदा दाट करायला तिघे तयार होते, तिघे नव्हते. सातवं मत तिचं होतं.

आत्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "जाऊ दे, पोरी. एवढ्या मोठ्या लोकांत तुझं कोण ऐकणार? मनाला लावून घेऊ नकोस."

मग ती उठली आणि खाडीत टाकून द्यायला बोंबील टोपलीत भरू लागली. शलाकाही तिच्या शेजारी उभी राहून दोरी रिकामी करू लागली.