जळालेली जागा

"ज्यांना तिथं पुन्हा फटाक्यांचा कारखाना हवा, त्यांनी हात वर करा," सरपंच म्हणाले.

गेल्या वर्षीच्या स्फोटात थोरली लेक गमावलेली केवळबाई त्या जागेवर बाग मागायला ग्रामसभेत आली होती. तिच्या शेजारी बसलेल्या धाकट्या लेकीनं, कांचननं, सगळ्यांत आधी हात वर केला. केवळबाईनं तो खाली ओढला.

"आई, गावात दुसरं काम कुठंय?" कांचन हळूच म्हणाली. "बागेवर ताईची पोरं जगतील का?"

केवळबाईनं तिचा हात सोडला. बाया एकेक करून हात वर करत होत्या. शेवटी तिनंही केला.

"पण मालक," ती समोर बसलेल्या कारखानदाराला म्हणाली, "या वेळी मागच्या बाजूलाही दार ठेवा. माझी पोर मागच्या भिंतीपाशी सापडली होती."