विमानाचं नाक आधी पोचतं

"अजून समुद्रच आहे. धर!" नवरा ओरडला.

तिनं दात आवळले. विमानाच्या शेपटातली शेवटची रांग, आणि तिच्याखालची सीट मघापासून ओलीचिंब. नवरा तिच्याकडे बघतच नव्हता. तो समोरच्या सीटमागच्या स्क्रीनकडे बघत होता. स्क्रीनवर निळाशार समुद्र, त्यावर माशीएवढं पांढरं विमान, आणि पार त्या टोकाला तो देश. त्या देशाच्या हद्दीत जे पोर जन्मेल ते त्या देशाचं, असा तिथला कायदा. म्हणून तर हे पर्यटन. व्हिसा फिरायला जाणाऱ्यांचा, तिच्या गळ्यात कॅमेरा, पोटावर तंबूएवढा झगा आणि सासूच्या डोक्यावर उन्हाळी हॅट. बाळंत व्हायला चाललोय म्हणाले असते, तर व्हिसाच्या खिडकीवरूनच हाकललं असतं. तिथं उतरून, चार कारंजी बघून, मग सावकाश बाळंत व्हायचं ठरलं होतं. पोटातल्याला हे कुणी कळवलं नव्हतं.

"आमच्या वेळी नव्हती बाई असली घाई," सासू हॅटनं स्वतःला वारा घालत म्हणाली. "थांब म्हटलं की थांबायचं."

थांबणं तिला माहीत होतं. मागच्या खेपेला नवऱ्याचं हातातलं काम उरकेपर्यंत ती घरात कळा देत थांबली होती. ते बाळ रडलंच नाही.

नवरा जमिनीची मोजणी करणारा. भावाभावांच्या मध्ये फीत धरून उभं राहण्यात हयात गेलेली. वीतभर जागेसाठी फुटलेली डोकी त्यानं पाहिली होती. रेषेच्या अलीकडे काय आणि पलीकडे काय, एवढंच त्याला दिसायचं. तेच डोकं इथंही चाललं. तो ताडकन उठला.

"विमानाचं नाक आधी पोचतं!"

"काय म्हणालात?" हवाई सुंदरीनं विचारलं.

"अहो, आपण बसलोय शेपटाला! हद्द नाक आधी ओलांडणार, शेपूट मागून. हिला पुढं न्या!"

आणि कहर म्हणजे लोकांना हे पटलं. चांगल्या शिकल्यासवरल्या लोकांना. एक वकील उठून म्हणाला, मुद्द्यात दम आहे. चार धट्टेकट्टे गडी बाह्या सरसावून आले. तिला ब्लँकेटमध्ये घातलं, चार कोपरे चौघांनी धरले आणि निघाले. पुढं सासू खाण्याची ट्रॉली ढकलत वाट काढत होती. "सरका हो, सरका! पाय आत घ्या!" कळ आली की नवरा म्हणायचा, "धर." कळ गेली की म्हणायचा, "चला." महागड्या सीटांच्या पडद्यापाशी एका गृहस्थानं विचारलं, "ह्यांचं तिकीट इकडचं आहे का?" वकिलानं त्याला समजावलं, "त्या बसणार नाहीत हो. फक्त बाळंत होणार आहेत."

तेवढ्यात एक बाई गर्दीतून घुसली. वाकून बघितलं. "खाली ठेवा तिला. डोकं आलंय. मी डॉक्टर आहे."

"कसल्या डॉक्टर?" सासूनं विचारलं.

"गुरांची."

"मग राहू द्या."

"अडलेल्या गाईचीसुद्धा कुणी अशी मिरवणूक काढत नाही, आजी."

कुणी ऐकलं नाही. पण कॅप्टननं मात्र ऐकलं होतं, कारण हवाई सुंदरी रडत रडत त्याच्याकडे गेली होती. लाउडस्पीकर खरखरला. बाळंतिणीसाठी विमान मागं वळवतोय, मागच्या बेटावर उतरतोय, बसून घ्या. विमान कलंडलं. स्क्रीनवरची माशी गर्रकन फिरली आणि तिचं तोंड आल्या वाटेकडं झालं.

नवऱ्याचं तोंड पांढरं पडलं. मग त्यात पुन्हा जीव आला.

"शेपूट! आता शेपूट तिकडं आहे! फिरवा, मागं न्या हिला!"

चौघं फिरलेसुद्धा. सासूनं ट्रॉली वळवली. "सरका हो, परत सरका!"

ब्लँकेटमध्ये उताणी पडून ती वर बघत होती. वर चार हनुवट्या होत्या. चारही जण चालता चालता माना वाकड्या करून स्क्रीन बघत होते. दोन्ही बाजूंच्या रांगांतले लोक स्क्रीन बघत होते. एवढ्या मोठ्या विमानात तिच्याकडे बघणारी एकटी गुरांची डॉक्टर होती.

तिनं दोन्ही हात बाहेर काढले आणि दोन्हीकडच्या सीटांचे दांडे घट्ट पकडले. वरात जागच्या जागी थांबली.

"खाली ठेवा मला."

"अगं, थोडं राहिलंय," नवरा तिच्या कानाशी आला. "पोराचा जन्म सार्थकी लागेल. एवढं धर ना."

"नाही धरत."

ती असं कधी बोललेली नव्हती. गड्यांनी तिला मधल्या वाटेत गुपचूप खाली ठेवलं. डॉक्टरीण गुडघ्यावर बसली, म्हणाली, "आता लाव जोर, पोरी. सगळा लाव." तिनं लावला. शिव्याही दिल्या, नाव घेऊन नाही, पण ज्याच्या त्याला बरोबर पोचल्या.

मग बाळ रडलं. हा आवाज तिनं आजवर ऐकला नव्हता. ती गप्प पडून ऐकत राहिली.

डॉक्टरिणीनं बाळ पुसलं, गुंडाळलं आणि बापापुढं धरलं. बाप बोटानं स्क्रीनवर अंतर मोजत होता. इकडून मोजलं, तिकडून मोजलं. मग त्याचे खांदे पडले.

"गेलं," तो आपल्या आईला म्हणाला. "भर समुद्रात झालं. ना त्यांच्या हद्दीत, ना आपल्या. कुणाचंच नाही."

सासूनं कपाळाला हात लावला. वकिलानं मान हलवली. डॉक्टरिणीचे हात तसेच पुढं होते.

"कुणाचंच नाही ना?" खालून ती म्हणाली. "मग द्या इकडं. मला हवंय."