शकुनाचं लाल पाकीट

"पाकीट दिलं होतं का त्याला?"

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात पाऊल ठेवल्या ठेवल्या आ-चुंगच्या बायकोने, युक-हाने, हेच विचारलं. नवरा आत ऑपरेशनच्या टेबलावर, मणका मोडलेला, आणि बाईचा पहिला प्रश्न हा. पण स्टंटवाल्याची बायको ती. दुसरं काय विचारणार?

सगळ्यांच्या नजरा सेटची व्यवस्था बघणाऱ्या फुंगकडे वळल्या.

सिनेमा होता अतिरेक्यांमागे धावणाऱ्या पोलिसांचा. सकाळी आ-चुंग त्यातला अतिरेकी म्हणून मेला होता. गोळ्या खाऊन, लाल रंगात माखून, क्वुन टोंग भागातल्या एका जुन्या कारखान्याच्या आवारात पडला होता. कॅमेऱ्यापुढे मेलेला माणूस उठला की त्याच्या हातात शकुनाचे पैसे घातलेलं लाल पाकीट ठेवायचं आणि अपशकुन तिथल्या तिथे मिटवायचा, ही हाँगकाँगच्या सेटवरची रीत. मग दुपारी त्याच अतिरेक्याने गच्चीवरून उडी मारली. मरण आधी आणि उडी नंतर. शूटिंगमध्ये असं उलटंच चालतं. आ-चुंग उडी झेलायला खाली रचलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या कडेवर पडला आणि तिथून फरशीवर आपटला.

"विसरले हो वहिनी," फुंग रडत म्हणाली. "जेवणाच्या डब्यांचा घोळ झाला, आणि पाकीट पर्समध्येच राहिलं."

"पर्समध्ये!" युक-हा कडाडली. "माझा नवरा सकाळपासून मेलेला फिरत होता, आणि तू डबे वाटत होतीस?"

"तरीच म्हटलं," म्हातारा कॅमेरावाला चान पुटपुटला. "जन्मभर उड्या मारलेला गडी, आजच कसा चुकला!"

बाकाच्या टोकाला क्वोक मास्तर बसले होते. मारामाऱ्या बसवणारे तेच, आ-चुंगला उडी मारायला शिकवलं तेही त्यांनीच. गडी चुकला नव्हता हे त्यांना ठाऊक होतं. सगळे जेवत असताना मास्तरांनी सहज कॅमेऱ्यातून पाहिलं, तर चित्रात खोक्यांची कड दिसत होती. कोणाला कशाला हाक मारायची म्हणून त्यांनी स्वतःच पुढची रांग पायाने आत ढकलली. हातभरच. हातभराने काय होतंय! वर गच्चीवर आ-चुंगला सांगायचं मात्र राहून गेलं. तो पडल्यावर खोकी चहूकडे उधळली, आणि मास्तरांची चूकही त्यात लपली.

फुंग खाली गुडघ्यांवर बसली. "मारा मला वहिनी. मीच त्याचा घात केला."

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते उठले.

"तिला बोलू नकोस, युक-हा. खोकी मी सरकवली. कड दिसत होती म्हणून. वर कळवलं नाही. चूक माझी आहे."

चानने उसासा टाकला.

"झालं, मास्तरांचं सुरू! मागे गाडी उलटली तेव्हाही ब्रेक मीच तपासला नाही म्हणाले होते. त्या दिवशी तर हे सेटवरही नव्हते!"

फुंगने मास्तरांचे दोन्ही हात घट्ट धरले. "माझ्यासाठी एवढं नका हो करू, मास्तर. मला सहन नाही होत."

युक-हाचा राग एकाएकी विरघळला. तिने डोळे पुसले, फुंगला दंडाला धरून उठवलं. "पुरे गं आता. आणि मास्तर, तुम्ही खाली उभे असता म्हणून तर हा निर्धास्त उडी घेतो. सगळ्या जगाचं पाप आपल्या डोक्यावर कशाला घेता?"

'अगं, खरंच मी' एवढं मास्तरांच्या ओठांशी आलं. पण फुंगचे हात अजून त्यांच्या हातात होते, आणि सगळे त्यांच्याकडे अशा मायेने बघत होते, की शब्द घशातच राहिले. केवढं सोपं झालं होतं सगळं! त्या सुटकेची त्यांना शिसारी आली, तरी सुटल्यासारखं वाटलंच.

इतक्यात दार उघडून नर्स बाहेर आली.

"शुद्धीवर येतोय. कसा पडला हो हा? डॉक्टर विचारताहेत."

"मास्तरांना विचारा," युक-हा म्हणाली. "ते खालीच उभे होते."

मास्तरांनी घसा साफ केला.

"पाय घसरला त्याचा," ते म्हणाले.