तपासलेला माल

पूल बांधून तयार होता, पण त्यावर पाय ठेवायला कुणी पुढे होईना. सगळ्यांच्या नजरा गिरीधरकडे.

त्याला कारणही तसंच होतं. गाईडच्या मुलींच्या या कौटुंबिक मेळाव्याला आलेले निम्मे आईबाप चेन्नईतल्या अंबत्तूरचेच, आणि तिथल्या एका कारखान्यात क्रेनवर चढणारा माल गेली बावीस वर्षं गिरीधर तपासत होता. दोर, आकडा, गाठ, सगळं बघून तो मालावर खडूनं बरोबरची खूण करी, आणि ती खूण दिसल्याशिवाय क्रेनवाला हात हलवत नसे. असा माणूस गप्प उभा असताना आपण कशाला आपला जीव धोक्यात घालायचा, असा प्रत्येकाचा विचार.

दोन आंब्यांच्या मधे, चिखलानं भरलेल्या चरावर तीन दोरांचा तो पूल होता. पायाखाली एक दोर, हातांना दोन. बांधला होता संयुक्तानं आणि तिच्या तुकडीतल्या चार मुलींनी. संयुक्ता बारा वर्षांची, तुकडीची प्रमुख आणि गिरीधरची एकुलती एक. घरून निघतानाच तिनं बजावलं होतं, अप्पांनी यावं, पण गाठींना हात लावू नये. एक जरी गाठ त्यांनी सोडून बांधली, तरी पूल त्यांचा होईल.

हे कबूल करूनही त्याचे पाय झाडाकडे वळलेच. जित्याची खोड. कनका, त्याची बायको, मागून नको नको म्हणत होती, ते त्याच्या कानापर्यंत पोचलं नाही. आंब्याशी येऊन त्यानं हात पाठीमागे बांधले आणि दोर नुसत्या नजरेनं तपासायला लागला. संयुक्ता शेजारी सावधानमध्ये उभी होती. तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

दोराखाली काही घातलेलं नसणार, हे त्याला बघण्याआधीच ठाऊक होतं. मालाची धारदार कड आली की दोराखाली गोणपाट हवं, हे कारखान्यात मिशीवाल्या गड्यांना तो रोज ओरडून सांगे, तरी ते विसरत. तेच सांगायला त्यानं तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं. दोर आणि बुंधा यांच्या मधे चौपदरी घडी नीट गुंडाळलेली होती. घडी कसली, सकाळी ज्याच्यासाठी त्यानं घर डोक्यावर घेतलं होतं तो त्याचाच पंचा होता.

रागवावं की पाठ थोपटावी, त्याला कळेना. शेवटी, दोर कापला जाऊ नये म्हणून घातलास ना, एवढंच त्यानं विचारलं.

"दोराकरता नव्हे, अप्पा," संयुक्ता म्हणाली. "झाडाला लागेल म्हणून."

गिरीधर त्या बुंध्याकडे बघत राहिला. बावीस वर्षं त्यानं दोराची काळजी केली होती, मालाची केली होती. दोर ज्याला बांधायचा त्याचं काय, हे त्याच्या मनात कधी आलंच नव्हतं. पोरीचा एवढा अभिमान त्याला तिचे मार्क बघूनही वाटला नव्हता.

मेळावा सांभाळणाऱ्या विद्यालक्ष्मी टीचरनं हाक मारून विचारलं, सर, बघून झालं का, सोडू का मंडळींना? गिरीधरनं चपला काढल्या. खिशातला खडू काढला आणि संयुक्तापुढे धरला.

"इथं माल मी आहे. खूण तू कर."

तिनं घाई केली नाही. आधी त्याच्या कमरेला सुरक्षेचा दोर बांधला, दोनदा ओढून बघितला, आणि मगच त्याच्या निळ्या शर्टावर, खिशाच्या जरा वर, पांढरी खूण केली.

ब्याण्णव किलोचा बाप दोरावर चढला. पूल कुरकुरला, मधोमध तर चिखलापासून वीतभर उरेपर्यंत वाकला. गिरीधर समोर बघत चालत राहिला. गाठ एकही हलली नाही. तो पलीकडे पोचला तेव्हा अलीकडे रांग लागली होती.

पाठोपाठ निऱ्या खोचून कनका आली. पाय जमिनीला टेकले तशी तिची नजर त्याच्या शर्टावर गेली. नवा शर्ट आणि त्यावर खडू. झटकायला तिनं पदर उचलला.

गिरीधरनं तिचा हात धरला.

"पुसू नको," तो म्हणाला. "तपासलेला माल आहे."