डब्यातले पाच वंश

धुळ्याच्या प्रयोगशाळेत संघमित्राने बरसीमच्या त्याच बियाण्याचा डीएनए तिसऱ्यांदा तपासला. गावोगावहून आणलेलं या चाऱ्याचं बियाणं एकाच वंशाचं निघालं होतं. शिरपूरजवळच्या लिलाबाईंच्या डब्यात मात्र पाच वंश नांदत होते. नव्या वाणासाठी हे घबाडच होतं, पण भेसळ निघाली तर सगळी मेहनत पाण्यात जाणार होती. रंगीत आलेख घेऊन तिने लिलाबाईंचा गोठा गाठला. "भेसळ नही, माय," म्हशीपुढे चारा टाकत त्या म्हणाल्या. "आमना घरमा जी सून येस, ती माहेरथून मूठभर बी लई येस नि डबामा टाकस." आलेखातल्या निळ्या ठिपक्यांवर बोट ठेवून संघमित्रा म्हणाली, "हा वंश गुजरातकडचा आहे." लिलाबाईंचे हात थांबले. "मनी सासू तिकडनीच, सोनगडनी व्हती." त्यांनी निळ्या ठिपक्यांकडे पाहिलं आणि पटकन डोक्यावर पदर घेतला.